उघड्यावर निजण्याची हौस

मराठीत ‘बेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. चहूबाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग, हा शाळेत शिकवला जाणारा अर्थ. चाकूरला मी तीस वर्षे भूगोल शिकवला, तेव्हा तो किती वेळा फळ्यावर लिहिला असेल याची गणती नाही. दुसरा अर्थ शाळेत सांगावा लागत नाही. बांबूचे बेट आपण सगळेच म्हणतो. दाट झाडीचा एखादा पुंजका आजूबाजूच्या रानापासून वेगळा उठून दिसला की तेही बेटच. आमच्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ अशीच एक टेकडी आहे. तिला लोक संजीवनी बेट म्हणतात. समुद्र येथून सुमारे चारशे किलोमीटरवर. पण बेट आहे. वनौषधींसाठी ते प्रसिद्ध आहे. पावसाळा सरत आला की उत्तरा नक्षत्रात लांबलांबून माणसे येतात आणि तिथल्या वाऱ्यात बसतात. हनुमंताने द्रोणागिरी नेताना त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे.

हे सारे सांगायचे कारण असे, की गेली काही वर्षे आमच्या घरात बेटावरून एक वाद चालू आहे. माझी भाची ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला नोकरी करते. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून, त्यातच तंबू बांधून, ती एकटीच एखाद्या बेटावर जाऊन राहते. दोन रात्री, कधी तीन. बरोबर मैत्रीण नाही, नवरा नाही, सहलीचा गट नाही. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का, हे ऐकून हैराण होते. फोनवर तिचे एकच पालुपद असते. “घर नाही का तिला? चांगलं पक्कं घर सोडून उघड्यावर निजायची ही कसली हौस म्हणावं?”

अक्काचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहरात वाढलेल्या माणसाला तंबू म्हटले की सहल आठवते. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला दुसरेच काही आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, आणि चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हादरली. हजारो माणसे मातीच्या आणि दगडाच्या भिंतींखाली गेली. चाकूरचे आम्ही केंद्रापासून दूर होतो, म्हणून वाचलो. पण त्यानंतर कितीतरी रात्री गल्लीतले एकही कुटुंब घरात निजले नाही. लेकरांना मधे घेऊन अंगणात, मैदानात, पावसाची चिळकांडी आली की ताडपत्रीखाली. किल्लारी-सास्तूरकडच्या लोकांनी तर तंबूत आणि पत्र्याच्या शेडमध्ये दिवस नव्हे, ऋतू काढले. अक्का तेव्हा दोन लहान मुलांची आई होती. तिच्या लेखी उघड्यावर निजणे म्हणजे घर गेल्याची खूण.

आणि भूकंप तरी एकदाच झाला. दिवाळीच्या सुमारास आपल्या रस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे ऊसतोडीला जातात ती दरवर्षी. मुकादमाची उचल घेतलेली नवराबायकोची जोडी फडाच्या कडेला बांबू आणि पाचटाची कोपी उभारते आणि पाच-सहा महिने तीत संसार करते. धनगरांचा वाडा मेंढरांमागे फिरतो. जत्रेतले दुकानदार पालात राहतात, वारकरी राहुटीत. तात्पुरत्या निवाऱ्याला मराठीत इतके शब्द आहेत, ते काही हौसेने आलेले नाहीत. तेव्हा कोणी पैसे खर्चून, परवाना काढून, मुद्दाम कोपीत राहायला जाते म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडणारच. ती पडावी, असेच मी म्हणेन. तंबूची मौज सांगणाऱ्याने आधी हे मान्य केले पाहिजे, की आपल्याला परतायला घर आहे म्हणून ही मौज आहे.

एवढे मान्य करूनही मी या वादात भाचीच्या बाजूचा आहे. २०२३ साली तीन महिने तिच्याकडे राहायला गेलो होतो. जुलैमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, मी तिचाच तंबू आणि तिचीच पिशवी घेऊन मोरेटन बेटावर तीन रात्री एकटा राहून आलो. वय तेव्हा साठीच्या पुढे. अक्काला हे आम्ही परत आल्यावर सांगितले!

मोरेटन हे ब्रिस्बेनसमोरच्या समुद्रातले बेट. तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत त्याचे नाव मुलगुम्पिन, म्हणजे वाळूच्या टेकड्यांची जागा. सुमारे ३७ किलोमीटर लांबीचे हे बेट जवळजवळ सगळे वाळूचेच आहे, आणि त्यावरची माउंट टेंपेस्ट नावाची टेकडी, तीही वाळूचीच, २८५ मीटर उंच आहे. बेटाचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान आहे. डांबरी रस्ते नाहीत. वाळूतल्या चाकोऱ्या आहेत. हवामान उपोष्ण कटिबंधाचे, म्हणजे उन्हाळा दमट आणि पावसाचा, हिवाळा कोरडा आणि सुखाचा. ब्रिस्बेनच्या बंदरातून तासा-दीड तासात बार्ज जाते आणि धक्का वगैरे काही नसताना थेट वाळूवर तोंड टेकवते. शेजारीच पंधरा जुन्या बोटींचे गंजलेले सांगाडे पाण्यात उभे दिसतात. लहान होड्यांना आडोसा मिळावा म्हणून १९६३ पासून त्या तिथे मुद्दाम बुडवल्या आहेत. माझी नेमून दिलेली जागा तिथून तासाभराच्या चालीवर, झाडांच्या आडोशाला होती. फार दुर्गम म्हणता येणार नाही, कारण रात्री पश्चिमेला शहराच्या दिव्यांचा उजेड आकाशात दिसतो. पण मधे समुद्र असला की तो उजेड पलीकडच्या गावाचा होतो. विसरलेली वस्तू आणायला कोपऱ्यावर दुकान नाही, आणि ‘जरा पाणी द्या हो’ म्हणायला शेजार नाही.

लोकांना वाटते, एकट्याने राहण्यात मोठा पराक्रम असतो. मला तिथे पराक्रम कुठे दिसला नाही. दिसला तो हिशेब. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. हे मी मुलांना शिकवले होते, पण पाठीवर घेतल्यावर ते समजले. दहा लिटर घेतले की दहा किलो झाले. त्यावर तंबू, झोपायची पिशवी, छोटा गॅस, तांदूळ-डाळ, भाचीने आग्रहाने दिलेल्या चार धपाट्या. मग एकेक वस्तू हातात घेऊन विचारावे लागते, की हिच्यावाचून चालेल का? जाडजूड पुस्तक गेले, दुसरा स्वेटर राहिला. जेवणाआधी हात किती पाण्यात धुवायचे, भात शिजवताना वर किती ठेवायचे, ताट पाण्याने घासायचे की वाळूने, याचा विचार करावा लागतो. छावणीतल्या नळाचे पाणी मिळाले तरी ते उकळून प्यायचे, म्हणजे गॅसचा हिशेब आला.

आणि गंमत पाहा, या हिशेबात मी तिथल्या कुणापेक्षा कच्चा नव्हतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन आली, तेव्हा देशभरचे कॅमेरे स्टेशनवर होते. त्या उन्हाळ्यात ज्याने घागरीवर घर चालवले, त्याला बेटावर राहायचे शिक्षण वेगळे घ्यावे लागत नाही. पहिले पाणी भाजी धुवायला, तेच झाडाला, अंघोळ वाटीने. आम्ही त्या वर्षी बेटावरच राहत होतो. भोवती समुद्राच्या ऐवजी कोरडे रान होते एवढेच.

भूगोलाच्या मास्तराला त्या वाळूने आणखी एक धडा दिला. खाऱ्या समुद्राच्या मधोमध, निव्वळ वाळूच्या बेटावर, गोड्या पाण्याचे तलाव आहेत. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि आतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी हलके. आपल्या मराठवाड्यात उलटे. खाली बेसॉल्टचा काळा, टणक थर. पाऊस पडला की वाहून जातो, मुरतो तो फटीफटींतून, आणि मग शेकडो फूट बोअर घेऊनही धूळ निघते. पाणी कुठे थांबते हे ज्याला कळते तोच बेटावर टिकतो. हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. भर समुद्रातल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आजही दाखवतात. तट कितीही उंच बांधला असता, तरी या विहिरींवाचून तिथे कोण राहिले असते?

दिवस कामात जातो. खरी परीक्षा रात्रीची. हिवाळ्यात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मग बारा-तेरा तास तुमचे तुमच्यापाशी. पहिल्या रात्री, जरा डोळा लागतो न लागतो तोच झाडीतून कोणी बाई आक्रोश करते आहे असा आवाज आला. अंगावर काटा आला हे सांगायला संकोच नाही. मग दुसऱ्यांदा ऐकला आणि ओळख पटली. आपल्या माळावर रात्री ओरडणारा करवानक असतो, त्याचा हा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद. लांब पायांचा, मोठ्या डोळ्यांचा, स्वभावाने भित्रा पक्षी. भीती गेली असे नाही; पण तिला नाव मिळाले, आणि नाव मिळालेल्या भीतीबरोबर निजता येते. बाहेर येऊन पाहिले तर वृश्चिक थेट माथ्यावर होता, आणि दक्षिणेला त्रिशंकू उंच. चाकूरहून तो वैशाखात क्षितिजाला टेकलेला दिसतो, मुलांना दाखवायचा तर गच्चीवर न्यावे लागते. घरी रोज रात्री टीव्ही असतो, फोन असतो, कोणाचे तरी बोलणे असते. तिथे तीन रात्री माझ्या मनात काय काय आहे ते मला सलग ऐकावे लागले. वडिलांशी राहून गेलेले बोलणे आठवले, एका विद्यार्थ्याचा चेहरा आठवला. यातून काही साक्षात्कार झाला नाही. पण साठ वर्षे ज्याच्याबरोबर राहिलो त्या माणसाची थोडी ओळख वाढली.

आता अक्काच्या प्रश्नातला सर्वात मोठा काटा: एकटी का? माझे उत्तर असे, की जाणता माणूस एकटा जातो तेव्हा तो एकटा नसतोच. मी निघालो तेव्हा भाचीने एक कागद माझ्याकडून भरून घेतला. कुठली रात्र कुठे, परतीची बार्ज कोणती, आणि अमुक वाजेपर्यंत मामाचा फोन आला नाही तर कोणाला कळवायचे. परवान्यावर माझे नाव होते, तंबूला त्याची चिठ्ठी लावलेली होती. तुम्ही तिथे आहात हे उद्यानाच्या दप्तरी नोंदलेले असते. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. पण ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. मुळात ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, आणि वाटेत चार बंदरांना थांबून डागडुजी झाली. एकट्याच्या त्या सफरीत किती जणांचे हात होते! उलट अलेक्झांडर सेलकर्क हा खलाशी १७०४ मध्ये कप्तानाशी भांडून दक्षिण अमेरिकेजवळच्या एका निर्जन बेटावर उतरला आणि चार वर्षे चार महिने अडकला. त्याची हकिकत गाजली, आणि रॉबिन्सन क्रूसोच्या मागे तीच असल्याचे मानले जाते. परंतु रागाने बेटावर जाणे वेगळे आणि कागद भरून जाणे वेगळे. आमच्या तरुण मुलांनी पहिल्याचा रोमांच वाचावा आणि दुसऱ्याची शिस्त घ्यावी.

शिस्तीचा दुसरा भाग जागेविषयीचा. त्या बेटावर वाळकी काटकीसुद्धा उचलून जाळायची नाही. शेकोटीची परवानगी असेल तिथे लाकूड बाहेरून आणायचे. कचरा, अगदी चहाची पुडीसुद्धा, पाठीवरून परत न्यायची. २०१९ मध्ये तिथल्या क्वांडामूका लोकांचा या बेटावरचा मूळ हक्क न्यायालयाने मान्य केला. म्हणजे आपण कोणाच्या तरी अंगणात निजलो आहोत, ही जाणीव सतत असते. आपल्याकडे डोंगरावर, धबधब्यावर, किल्ल्यावर रात्र काढून आलेले तरुण मागे काय ठेवून येतात ते पाहिले, की लोकांना तंबूचा राग का येतो ते समजते. संजीवनी बेटावरच्या वनस्पती ही कुणा एका माणसाची मालमत्ता नाही. तिथे ज्याला रात्र काढावीशी वाटेल त्याने आधी गावाला आणि वनखात्याला विचारावे, आणि ‘नाही’ म्हटले तर मुकाट्याने परतावे. ‘नाही’ ऐकता येणे हाही या छंदाचा भाग आहे.

येथे मला एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. भाची ब्रिस्बेनहून बेटावर एकटी जाते, त्याला मी टाळी देतो. पण चाकूरच्या एखाद्या मुलीने उद्या म्हटले, की मामा, मी आपल्या माळावर एक रात्र एकटी तंबू लावून राहते, तर मी हो म्हणेन का? आज नाही म्हणणार. आणि हे ‘नाही’ म्हणताना मला बोचते. दोन मुलींच्या धैर्यात फरक नाही. फरक आहे तो त्यांच्या भोवतीच्या व्यवस्थेत. नोंद ठेवणारे कार्यालय, फेरी मारणारा रक्षक, स्वच्छ संडास, आणि मुख्य म्हणजे एकटी बाई दिसली की थांबून चौकशा न करणारे लोक. शेजारच्या तंबूतल्या माणसांनी मला तीन दिवसांत हात हलवून नमस्कार केला आणि माझ्या वाटेला गेले नाहीत. एकांताची कदर करायला समाजाला शिकावे लागते. आपल्याकडे एकटे बसलेल्या माणसाला दहा जण विचारतात, ‘काय झालं? भांडण झालं का घरी?’ त्यात माया आहे, मला ठाऊक आहे. पण त्या मायेत मुलीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. सुरक्षितता ही मुलीने धाडस करून मिळवायची वस्तू नव्हे. ती गावाने, पोलिसांनी आणि सरकारने मिळून उभी करायची असते, विहिरीसारखी.

तोवर काय करावे? मुलगा असो वा मुलगी, घरातल्या कोणी एकटे जायचे म्हटले की आपण ‘का?’ असे विचारतो. या प्रश्नाला उत्तर नसते. हौसेला कारण नसते, आणि कारण मागितले की मुले खोटे सांगायला लागतात. मित्रांबरोबर जातो म्हणतात आणि एकटी जातात, तेव्हा खरा धोका सुरू होतो, कारण ती कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. त्याऐवजी ‘कसे?’ असे विचारावे. पाणी किती नेणार? परवानगी कोणाची घेतली? पाऊस आला तर? फोन कधी करशील, आणि नाही आला तर आम्ही कोणाला गाठायचे? ज्याच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे आहेत त्याला जाऊ द्यावे. ज्याच्याजवळ नाहीत, त्याला नाही म्हणावे लागत नाही. त्याचे त्यालाच कळते. सुरुवात आपल्या गच्चीवर किंवा शेतातल्या आखाड्यावर एका रात्रीने करावी.

अक्काला माझे हे म्हणणे पूर्ण पटलेले नाही. १९९३ ची ती पहाट तिच्या मनातून जाणार नाही, आणि जावी असे मी म्हणणारही नाही. पण अलीकडे भाचीचा फोन आला की ती वेगळे प्रश्न विचारते. “पाणी किती घेतलंस? कागद ठेवलास का कुणापाशी?” पक्के घर हवेच, त्यासाठी या जिल्ह्याने फार किंमत मोजली आहे. पण त्या घरातून लेकरू एक रात्र आपणहून बाहेर निजायला गेले, आणि सकाळी हिशेब चोख ठेवून परत आले, तर त्यात घराची नाचक्की नाही. घराने त्याला नीट वाढवले, एवढाच त्याचा अर्थ होतो.